गाडी उभी, पेट्रोल कमी

औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता तपासायचं काम करतो. समोरचा 'सगळं व्यवस्थित आहे' म्हणाला, की मला पहिल्यांदा तेच वाक्य खटकतं. बायको म्हणते, ही सवय ऑफिसात ठेवून घरी येत जा. तिचंही बरोबर आहे. अशा स्वभावाच्या माणसाने जुनी गाडी घ्यायला नको होती. त्यातही हायब्रिड, आणि त्यातही आलिशान.

गाडी अंधेरीच्या एका निवृत्त गृहस्थांची होती. लांबलचक, मोतिया रंगाची. मागच्या सीटवर मधोमध हात टेकायला रुंद गादी आणि मागच्या काचेला बटण दाबल्यावर सावकाश वर चढणारा पडदा. तेवढा पडदाच बघून माझं अर्धं मन वळलं होतं, पण तसं दाखवलं नाही. मी त्यांना विचारलं, "का विकताय?" ते म्हणाले, "गुडघे गेलेत, चालवता येत नाही." मी बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला. मग चहा घेताना परत. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "अहो, नका घेऊ." तेव्हा मला खात्री पटली की माणूस खरं बोलतोय.

मुलुंडला घरी आणली तेव्हा बाबा खाली उतरले. माझे वडील कुर्ल्याच्या रेल्वे कारशेडमध्ये आयुष्यभर फिटर होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि बॉनेटवर कान टेकवला.

"चालू कर."

"चालूच आहे, बाबा."

"मग आवाज?"

"आता ती बॅटरीवर आहे. हिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरपण. एसी लावून उभी ठेवली तरी बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, बॅटरी भरतं आणि बंद होतं."

"आपोआप?"

"आपोआप."

"म्हणजे तुला न विचारता." बाबा सरळ उभे राहिले. "मला हे मशीन पटलं नाही."

मला मात्र त्या न येणाऱ्या आवाजाचंच कौतुक होतं. पहिल्या आठवड्यात जो भेटेल त्याला मी पार्किंगमध्ये न्यायचो, एसी लावायचो आणि म्हणायचो, "ऐका. काही येतंय ऐकू?" शेजारी झाले, वॉचमन काका झाले. आईलाही मागच्या सीटवर बसवलं. ती बायकोला एवढंच म्हणाली, "गारवा छान आहे गं." बाकी सगळे वर गेले तरी ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

मी कामावर कंपनीच्या बसने जातो. त्यामुळे गाडी सोमवार ते शुक्रवार बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, खांबांमधल्या पार्किंगमध्ये उभी असायची. शनिवार-रविवारी बाहेर काढायची, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, नाहीतर बायकोबरोबर बाजार करायचा. हिवाळा असाच मजेत गेला.

मार्चमध्ये ऊन वाढलं, आणि एका रविवारी डॅशबोर्डवर लाल त्रिकोण उमटला. हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या, असा त्याचा अर्थ होता. मी ती एका मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने कॉम्प्युटर जोडला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "बॅटरी तापतेय. पूर्ण बदलावी लागेल."

"उघडून बघितलीत?"

"सर, कॉम्प्युटर सांगतोय ना."

मी उठलो. कॉम्प्युटर काय सांगतो ते त्याला कोण विचारतं यावर असतं, हे मला माझ्या धंद्यात चांगलं माहीत आहे.

ऑफिसातल्या एकाने घाटकोपरच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. तिथला मालक माझ्याच वयाचा, इंजिनिअर झालेला, नोकरी सोडून फक्त हायब्रिड गाड्या बघणारा. बोलायला तुसडा. त्याने मागची सीट उचलली. या गाडीत मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी असते आणि ती गार ठेवायला गाडीतलीच हवा एका पंख्याने ओढली जाते. त्या हवेसाठी सीटच्या बाजूला एक जाळी असते. त्याने जाळी काढून माझ्यासमोर झटकली. धूळ पडली, थोडी लोकर पडली, आणि त्याबरोबर गुलाबी-तपकिरी पापुद्र्यांचा ढीग पडला.

"शेंगदाण्याची सालं," तो म्हणाला. "भाजलेल्या. हवा कुठून जाणार? मागे कोण बसतं?"

"कोणीच नाही."

"मग गाडी खाते काय शेंगदाणे?"

"आधीच्या मालकाची असतील."

त्याने दोन पापुद्रे बोटात चुरडले. "ताजी आहेत. आणि अजून एक सांगू? तुम्ही म्हणता आठवडाभर उभी असते. उभ्या गाडीची बॅटरी अशी नसते. ही रोज चालू होतेय."

पहिला संशय मला त्याचाच आला. गिऱ्हाइकाला घाबरवायचं, घरात कोणीतरी चोर आहे असं वाटायला लावायचं आणि मग एखादं कुलूपबिलूप विकायचं. पण त्याने काहीच विकलं नाही. जाळी धुतली, पंखा साफ केला आणि मला हाकलून दिलं. लाल त्रिकोण गेला. माझं डोकं मात्र त्या पापुद्र्यांत अडकलं.

त्या रविवारी मी टाकी गळ्यापर्यंत भरली, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला आणि गाडी घरी आणून लावली. पुढच्या शनिवारी बघितलं तर आकडा जिथल्या तिथे होता आणि पेट्रोलचा काटा चांगलाच खाली उतरला होता. गाडी जागची हलली नव्हती, तरी पेट्रोल गेलं होतं. खाली वाकून बघितलं तर गळती नव्हती. झाकणाला ओरखडा नव्हता. आत बसलो तर चालकाची सीट पुढे सरकलेली, अगदी बुटक्या माणसाची असावी तशी. मी एसी बावीसवर ठेवतो. तो सत्तावीसवर होता.

मी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुलाच आठवत नसेल."

"मला? एसीचा आकडा आठवत नसेल?"

"बरं बाबा, भूत असेल मग."

ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर ती हसते. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मग माझा संशय वॉचमन काकांवर गेला. काका मालवणचे, बिल्डिंग नवी झाली तेव्हापासूनचे. दिवसा पार्किंगमध्ये त्यांच्याशिवाय कोण असतं? नळी घालून पेट्रोल काढणं अवघड नाही. मी सहज गप्पा मारल्यासारखं करत त्यांच्या खुर्चीजवळ उभा राहिलो.

"काका, माझ्या गाडीपाशी दुपारी कोणी येतं का हो?"

काकांनी टोपी काढली, परत घातली. "दुपारी? माका काय म्हायत नाय."

"तुम्ही इथेच असता ना?"

"असतंय. पण मी गेटाक तोंड करून बसतंय."

"आणि पार्किंग?"

"पार्किंग पाठीमागे," काका म्हणाले, आणि गेटकडे तोंड करून बसले.

माझी खात्रीच झाली. सेक्रेटरींकडे तक्रार करायची, कॅमेरा मागच्या खांबावर लावून घ्यायचा, असं सगळं मी ठरवलं. पण एक गोष्ट जुळत नव्हती. नळीने पेट्रोल काढणारा चोर सीट कशाला पुढे ओढेल? एसी कशाला लावेल? आणि गाडी चालू करायला चावी लागते. एक चावी माझ्या बॅगेत असते. दुसरी घरात, आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, पितळी डब्यात.

म्हणजे चोर घरातला होता. हे लक्षात आल्यावर मी वर न जाता थोडा वेळ जिन्यातच उभा राहिलो.

घरात आम्ही चौघं. बायको दुपारी शाळेत असते. बाबा जेवून झोपतात. राहिली आई. आईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, म्हणून मी तिला यादीतून काढून टाकलं आणि बाबांवर येऊन थांबलो. डॉक्टरांनी त्यांचं स्कूटर चालवणं बंद केलं होतं. जुन्या फिटरला नवं मशीन समजून घ्यायची खाज असणार. वरवर 'पटलं नाही' म्हणायचं आणि दुपारी गुपचूप खाली जाऊन बटणं दाबायची. मला ते इतकं पटलं, की थोडं हसूही आलं.

पण त्याच संध्याकाळी बाबांनीच मला गॅलरीत बोलावून दार लोटून घेतलं.

"तुला एक विचारू? तुझी आई दुपारी कुठे जाते?"

"विहारात जाते ना. वाचन असतं ना तिकडे."

"तसं ती सांगते. परवा विहारातले एक गृहस्थ भेटले मला रस्त्यात. म्हणाले, वहिनी बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत." बाबा रेलिंगला धरून उभे होते. "मी झोपलोय असं समजून ती दार इतकं हळू ओढते, की कडीचा आवाज येत नाही. मी डोळे मिटून पडलेलो असतो. तासाभराने येते. आली की चेहरा धुते."

"विचारलंत का नाही?"

"विचारायचं काय? दवाखान्यात जात असेल. तिला काहीतरी झालंय आणि ती मला सांगत नाहीये." बाबांनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. "तू बघ. मला न कळता बघ."

मला पेट्रोलची काळजी होती आणि बाबांना आईची. ते दोन धागे एकाच गाठीत जातात हे त्या क्षणी तरी मला सुचलं नाही. सुचलं ते बसमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐरोलीच्या पुलावर. बुटकी. सत्तावीसवर एसी. आईला गार फार सोसत नाही. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो, ऑफिसला फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं आणि उलट्या दिशेची रिक्षा पकडली.

घरी गेलो नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा, मग इडली, मग परत चहा घेत दुपार होऊ दिली. मग बिल्डिंगच्या मागच्या छोट्या फाटकातून आत शिरलो. काका गेटकडे तोंड करून बसले होते, अगदी सांगितल्यासारखे.

गाडी जागेवर होती. मागच्या काचेचा पडदा वर चढवलेला. बाजूच्या काचा काळसर, त्यामुळे आतलं काही दिसेना. मी दोन गाड्यांच्या मधून वाकत पुढे गेलो. स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये, स्वतःच्याच गाडीकडे. वरून कोणी बघितलं असतं तर पोलिसांना फोन केला असता. एवढ्यात इंजिन हलकंसं खाकरलं आणि सुरू झालं. पुढची सीट रिकामी होती.

मी मागचं दार उघडलं.

आत आई होती, चपला काढून पाय वर घेऊन बसलेली. मधल्या गादीवर वर्तमानपत्राच्या कागदात भाजलेले शेंगदाणे. आणि पलीकडे खांद्यावर लोकरीची शाल घेतलेली, पांढऱ्या केसांची एक बाई. तिचे केस मी काळे बघितले होते, म्हणून ओळखायला वेळ लागला. ती माझी मावशी होती.

"दार लाव आधी," आई म्हणाली. "गारवा जातोय."

इथे मला मावशीबद्दल सांगायला हवं. ती आईची धाकटी, एकुलती एक बहीण, घाटकोपरला राहते. लहानपणी माझी अर्धी सुट्टी तिच्याकडे जायची. तिच्या मुलीसाठी बाबांनी एक स्थळ आणलं होतं. मुलगा कारशेडमधल्या त्यांच्या जिवलग मित्राचा. सगळं ठरलं, साखरपुड्याचा हॉल घेतला, आणि ऐनवेळी मुलीने सांगितलं की तिचं दुसऱ्या एकावर मन आहे. मावशी मुलीच्या बाजूने उभी राहिली. बाबांना मित्राच्या दारात जाऊन हात जोडावे लागले. त्या मित्राने नंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाबा घरी येऊन म्हणाले होते, "आजपासून त्या घराचं नाव इथे काढायचं नाही." आईने खरंच काढलं नाही. मीही दोन-चार वेळा चोरून फोन केला, मग तोही सुटला. वर्षं गेली. मावशीचे यजमान वारले तेव्हा बाबा गेले नाहीत आणि आईला पाठवलंही नाही.

मी पुढच्या सीटवर बसलो. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले, कारण सीट आईच्या मापाची होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी संपली तेव्हापासून," आई म्हणाली.

"पण गाडीत? इथे? बाबा वर झोपलेले असताना?"

"मग कुठे बसायचं?" मावशीने विचारलं. तिचा आवाज तसाच होता, जरा घोगरा. "बागेत ऊन. हॉटेलात चहा संपला की पोऱ्या फडका घेऊन उभा राहतो. विहारात गेलं तर संध्याकाळपर्यंत दाजींना बातमी. तुझ्या आईला जिने चढवत नाहीत, नाहीतर माझ्याकडेच आली असती."

"आणि तूच तर सगळ्यांना सांगत होतास," आई म्हणाली, "एसी लावला तरी आवाज येत नाही म्हणून."

"चालू कशी करतेस तू? तुला कोणी शिकवलं?"

आई खिडकीकडे बघायला लागली. मावशीने शेंगदाण्याचं साल फुंकलं. ते तरंगत जाऊन थेट त्या जाळीपाशी पडलं.

"सुनेनं," मावशी म्हणाली. "ब्रेक दाब, बटण दाब, दिवा हिरवा झाला की मागे जाऊन बस. चांगली शिकवते हो. शिक्षिका आहे ना."

म्हणजे बायकोला माहीत होतं. वॉचमन काकांना माहीत होतं. अधिक विचारल्यावर कळलं की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनाही माहीत होतं, कारण फ्लास्कमधला चहा त्यांच्याकडून यायचा. सगळ्या बिल्डिंगमध्ये ठाऊक नसलेली माणसं दोनच होती आणि दोघंही एकाच घरातली.

"बाबांना वाटतंय तू आजारी आहेस," मी म्हणालो. "वर येऊन चेहरा धुतेस म्हणे."

आई म्हणाली, "हसून हसून डोळ्यांतून पाणी येतं रे. तसंच वर कसं जायचं?"

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दुपारी मी हरलो. ओरडणार होतो, ते राहिलं. मावशीने मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. साल जाळीकडे उडू नये म्हणून हात आडवा धरून मी ते खाल्ले. एवढंच सांगितलं, की शाल त्या जाळीवर टाकायची नाही आणि सालं पिशवीत टाकायची. दोघींनी आज्ञाधारकपणे माना हलवल्या, आणि मला कळलं की त्यांनी ऐकलेलं नाही.

बाबांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मी म्हणालो, "आई ठीक आहे. दवाखाना वगैरे काही नाही. मैत्रिणीकडे बसते."

"कुठल्या मैत्रिणीकडे?"

"आहे एक. जवळच."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं गाड्यांचे बोगी-ब्रेक तपासलेले डोळे. ते म्हणाले, "आणि तू परवापर्यंत पेट्रोल कमी होतं म्हणून बोंबलत होतास. त्याचं काय झालं?"

"पाइप गळत होता. घट्ट केला."

ही माझी चूक झाली. फिटरला पाइप गळतो असं सांगायचं नसतं.

मे महिन्यात आमची कंपनी वार्षिक देखभालीसाठी आठवडाभर बंद असते, तेव्हा मी घरी होतो. जेवणं झाली. आई 'विहारात' गेली. मी पेपर तोंडावर घेऊन पडलो. डोळा लागणार तेवढ्यात बाबांच्या खोलीतून खुडबुड ऐकू आली. बघतो तर बाबा एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात जुना पुठ्ठा घेऊन दाराशी चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"तुझा पाइप बघायला."

"बाबा, उन्हाचं कशाला? संध्याकाळी बघू ना."

"पार्किंगमध्ये कुठलं ऊन?"

मी शर्ट चढवेपर्यंत ते लिफ्टमध्ये होते. मी जिन्यावरून धावलो. खाली पोचलो तेव्हा वॉचमन काका खुर्चीवरून उठून मला हातवारे करत होते. बाबा गाडीपुढे पुठ्ठा अंथरून, त्यावर गुडघे टेकून, टॉर्चने खाली बघत होते. मग ते उठले आणि सवयीप्रमाणे बॉनेटवर कान टेकवला.

"बाबा," मी हाक मारली.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांना आत काहीतरी ऐकू येत होतं. पंख्याची बारीक घरघर असेल. त्यांनी डोळे मिटले. आणि नेमकं त्याच वेळी बॅटरी उतरली. इंजिनाने कानाखालीच झटका दिला. बाबा मागच्या मागे पुठ्ठ्यावर बसले. टॉर्च घरंगळत शेजारच्या गाडीखाली गेला.

मी त्यांना उचलायला धावलो. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पुढच्या काचेतून आत, मागच्या सीटवर होती. मागच्या दाराची काच सावकाश खाली आली. मावशीचं डोकं बाहेर आलं.

"जयभीम, दाजी," ती म्हणाली. "लागलं तर नाही ना?"

बाबा उठले. पँट झटकली. माझा हात त्यांनी बाजूला केला. तोंड लाल झालं होतं, ते रागाने की पडल्यामुळे, मला कळेना. आई दार उघडून अर्धी बाहेर आली होती, एक पाय चपलेत, एक उघडा. इंजिन चालूच होतं.

बाबा खिडकीपाशी गेले. आत वाकून बघितलं. शेंगदाणे, फ्लास्क, शाल. मग ते म्हणाले, "एसी चालू असताना काच खाली घेऊ नये. बॅटरीवर ताण येतो."

एवढं बोलून ते लिफ्टकडे चालायला लागले. पुठ्ठा तिथेच राहिला.

संध्याकाळी बायको बाहेरून आली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवताना बाबांनी फक्त मीठ मागितलं. आई ताठ बसून जेवत होती. मला वाटलं, आता ती रडेल, माफी मागेल, आणि सगळं पुन्हा बंद होईल. पण आईने ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली, "मी उद्यापण जाणार आहे."

ती गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली, बाबांनी हरकत घेतली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि परत दार लोटलं.

"काय बोलतात त्या दोघी एवढं?"

"मला काय माहीत?"

"माझ्याबद्दल बोलतात?"

"असतील."

"काय?"

"बाबा, मला आत बसू देत नाहीत."

बाबा म्हणाले, "तिला सांग, बसायचंच तर वर येऊन बसा. लोक काय म्हणतील, बहिणीला पार्किंगमध्ये बसवतात."

मावशी वर आली. बायकोने पोहे केले. हॉलमध्ये सगळे जण हात मांडीवर ठेवून बसलो, पाहुण्यांसारखे. बाबांनी पंखा वाढवला. मावशी म्हणाली, छान आहे घर. आई म्हणाली, हो. थोड्या वेळाने दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. आईने शोकेसमधला पितळी डबा उघडला, चावी घेतली आणि त्या दोघी खाली गेल्या.

"बघ," बाबा म्हणाले. "नक्की माझ्याबद्दलच आहे."

जूनच्या आधीच्या एका रविवारी मावशीला सुके बोंबील हवे होते, आणि तेही वर्सोव्याचेच. मी गाडी काढली. बाबा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. मागे दोघी. जोगेश्वरीपर्यंत गाडीत शब्द नाही. मी आरशात बघितलं की दोघी खिडकीबाहेर बघायच्या, मी रस्त्याकडे बघितलं की मागून खुसखुस यायची. बाबा मान न वळवता कान मागे लावून बसले होते. सिग्नलला इंजिन बंद झालं की ते जास्तच ताठ व्हायचे.

वर्सोव्याला खाडीजवळ गाडी लावली. समोर काठ्यांवर मासळी वाळत होती. मढच्या बाजूने माणसं भरून एक होडी येत होती. आई आणि मावशी उतरून वाळवणाकडे गेल्या, भाव करायला लागल्या. थोड्या वेळाने आई एकटीच पुढच्या बाईकडे सरकली आणि मावशी पिशवी धरून गाडीपाशी परत आली. बाबा बॉनेटला टेकून उभे होते. आम्ही तिघंही होडीकडे बघत राहिलो.

"पोरगी कशी आहे?" बाबांनी विचारलं. होडीकडेच बघत.

मावशीला क्षणभर कळलं नाही, प्रश्न तिला आहे. "बरी आहे, दाजी. नोकरी करते. दोन मुली आहेत तिला."

"हं. आणि तो?"

"जावई? चांगला आहे. घरचा स्वयंपाक तोच करतो."

बाबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली. त्यांचे डोळे बारीक झाले.

"रोज?"

"रोज," मावशी म्हणाली.

"खोटं असेल," बाबा म्हणाले. "बघायला पाहिजे एकदा येऊन."